स्पीकरला ओठ नसतात

पोरीनं मागे वळून पाहिलं नाही. झालं ते एवढंच. ऑगस्टातली दुपार, देगू शहरातलं ते डांबर वितळवणारं ऊन, सिग्नलला माझी अंड्यांची गाडी उभी आणि पुढं फूटपाथवर माझी पोरगी गा-ऑन, पाठीला दप्तर, दप्तराची चेन उघडी. माझ्यासारख्याला एवढं पुरे. मी माईक उचलला आणि टपावरच्या भोंग्यातून अख्ख्या चौकाला सांगितलं, "अंडी आली हो अंडी, ताजी ताजी अंडी! आणि ती पुढं चाललेली ताई, दप्तर उघडं आहे, आतली गणितं पळून चाललीत!" चौक हसला. फळवाली हसली, सिग्नलला थांबलेला डिलिव्हरीवाला हेल्मेटातून हसला, एक म्हातारा तर स्वतःचीच पिशवी चाचपायला लागला. पोरगी चालत राहिली. ती कधीच वळायची नाही, हे मला माहीत होतं. तीन वर्षं मी तिला असाच छळत होतो आणि तीन वर्षं ती न वळता चालत राहायची, आणि मला वाटायचं काय ताठा आहे पोरीत, बापाची लाज वाटते पण मान हलू देत नाही. घरी येऊन मी त्याची नक्कल करून दाखवायचो. पण त्या दिवशी तिच्या मागून एक स्कूटर आली, फूटपाथवरून, हॉर्न दाबून धरलेला, आणि सगळे बाजूला झाले. ती झाली नाही. स्कूटरवाल्यानं शेवटच्या क्षणी हँडल वळवलं, आरसा तिच्या कोपराला घासून गेला, आणि तेव्हा ती दचकली. स्कूटर समोर दिसल्यावर. लाजेनं माणूस बापाकडे बघत नाही, कबूल. पण स्कूटरची कसली लाज?

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या बोंबलायला लागल्या. भोंग्यातून माझा टेप केलेला आवाज आपला चालूच, अंडी आली हो अंडी, आणि मला पहिल्यांदाच तो कुणा दुसऱ्याचा वाटला. कुणीतरी गाडीवर चढून उगाच ओरडतंय, असा.

मी प्यो मान-शिक, पन्नाशी ओलांडलेला, वस्तीतला नावाजलेला चावट माणूस. भोंग्यातून मी काय काय विकलंय ते विचारा. "पाचव्या मजल्यावरच्या वहिनी, काल तुमच्या मालकांनी दोन ट्रे नेले, घरी एकच पोचला म्हणता? दुसरा कुठल्या मजल्यावर उतरला?" बायका खिडकीतून चपला दाखवतात आणि खाली येऊन अंडी घेतात. मला गप्प बसणं जमत नाही. माझी बायको इन-सुक म्हणते, तुम्ही मेल्यावर आधी तुमच्या तोंडाचं बटण शोधावं लागेल. तर असा माणूस त्या संध्याकाळी घरी गेला आणि त्यानं पोरीची परीक्षा घ्यायची ठरवली. ती टेबलाशी अभ्यासाला बसलेली, पाठ माझ्याकडे. मी दारात उभा राहून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "गा-ऑन, तुझ्या डोक्यावर कोळी आहे." पान उलटलं. "गा-ऑन, तुझ्या आईनं मला हाकलून दिलंय, मी बुसानला पळून चाललोय, मासे विकीन." काही नाही. मी एक पाऊल पुढं टाकलं. आणि तेवढ्यात ती मान वर न करता म्हणाली, "बुसानला जाताना दार लावून जा. एसी चालू आहे." मी एवढा हसलो की डोळ्यातून पाणी आलं. काय वेडा मी! पोरगी ठणठणीत आहे, बाप मूर्ख आहे, बस्स. हसत हसत पाणी प्यायला गेलो आणि ग्लास तोंडाशी थांबला. तिच्या समोर खिडकी होती. बाहेर अंधारून आलेलं, आत दिवा. काचेत मी उभा होतो, डोक्यापासून पायापर्यंत, ओठांसकट.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत जाऊन पडदा ओढला, म्हणालो डास येतात. मग दारात जाऊन बोललो. काय बोललो ते सांगत नाही. विनोदी नव्हतं. ती वाचत राहिली.

आमचा जुना टीव्ही होता, त्याचा आवाज गेलेला. दुरुस्तीला टाकायचा कंटाळा, म्हणून मी मालिकांना माझे डायलॉग भरायचो. सासू सुनेवर डोळे वटारतेय आणि मी म्हणायचो, "सूनबाई, माझी कवळी तू सूपमध्ये उकळलीस का?" गा-ऑन लहान होती, लोळायची हसून. मग हळूहळू ती मला दुरुस्त करायला लागली. "नाही अप्पा, ती म्हणाली घर विकू नकोस." मला काय कौतुक! मी तिला गिऱ्हाइकांपुढं उभी करायचो, रस्त्यापलीकडे बोलणाऱ्या दोन बायका दाखवायचो आणि म्हणायचो, सांग काय बोलतायत. ती सांगायची. लोक टाळ्या वाजवायचे. आता रात्री पडल्या पडल्या मी हिशोब लावत बसायचो, की कान आधी गेले की खेळ आधी सुरू झाला. शाळेत दरवर्षी कान तपासतात, आवाज आला की हात वर करायचा. ती नर्सचं बोट बघत असणार. बोट बटणावर दाबलं की हात वर. अशी युक्ती कुणी शिकवली तिला? शिकवावी लागली नसेल. माझ्याच घरात वाढली.

बोलणं झालं ते गाडीत, अंड्यांच्या ट्रेंच्या वासात. शाळेतून आणताना मी गाडी शिनचन नदीच्या कडेला थांबवली, तिच्याकडे पूर्ण तोंड केलं आणि म्हणालो, "किती ऐकू येतं?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझं बरंच येतं. तू तोंड फार वाकडंतिकडं करतोस." "आणि बाकीच्यांचं?" "बाकीचे तुझ्याएवढे वाईट नट नाहीत." मला हसू आलं आणि राग आला. म्हणालो, "नोव्हेंबरात कॉलेजची परीक्षा. इंग्रजीत ऐकण्याचा भाग. भिंतीत स्पीकर. स्पीकरला ओठ नसतात, बाई." ती बाहेर बघायला लागली. नदीत बगळे उभे होते. तिला आकाशाचं शिकायचंय, ताऱ्यांचं, त्यासाठी राजधानीत, सोलच्या कॉलेजला इंग्रजीत वरची श्रेणी लागते, आणि त्या पेपराचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग त्या स्पीकरमधून येतो. आजवर ती काय करायची? सराव परीक्षेत पर्याय बघून अंदाज मारायची, पोरगी हुशार, निम्मे बरोबर यायचे. मी चौकशी करून आलो होतो. कान तपासून दवाखान्याचा दाखला आणला, शाळेनं सही केली, सप्टेंबरात परीक्षेच्या अर्जाबरोबर दिलं, की ऐकण्याच्या जागी तेच संभाषण छापून हातात देतात. वाचायचं आणि लिहायचं. केंद्र वेगळं, नदीपलीकडे. "एवढंच!" मी म्हणालो, जसा काही मीच तो नियम केलाय. ती म्हणाली, "मला नको."

का नको? तिला बोलतं करायला मला दोन आइस्क्रीम लागली. कँटीनमध्ये हे-रिन, तिची जिवाभावाची मैत्रीण, तीन टेबलं पलीकडे बसून दुसऱ्या पोरींना सांगत होती. मागच्या वर्षी त्यांच्या शाळेतल्या एका मुलाला असा छापील पेपर मिळाला होता, त्याच्याबद्दल. "हे-रिन म्हणाली, फुकटचे मार्क. म्हणाली, अशी संधी मिळणार असेल तर मी पण बहिरी होते, कुठं फॉर्म मिळतो?" गा-ऑननं हे हे-रिनच्या तोंडाची नक्कल करून सांगितलं, अगदी हुबेहूब, तो ओठ एका बाजूला ओढण्यासकट. "सगळ्या हसल्या. मग हे-रिननं मला बघितलं आणि हात केला. मी पण हात केला." मी म्हणालो, "तिला सांग, फॉर्मबरोबर कान पण जमा करावे लागतात." ती हसली नाही. म्हणाली, "अप्पा, गाडी काढ."

घरी वेगळाच तमाशा. पोरगं परीक्षेला बसलं की आमच्या घरांत निम्मी भाषा बंद होते. घसरलं म्हणायचं नाही, पडलं म्हणायचं नाही, समुद्री शेवाळाचं सूप वर्षभर बंद, कारण ते गुळगुळीत, पोरगं त्यावरून घसरेल. माझ्या घरात तर आणखी पंचाईत. आयुष्यभर आम्ही गाडीतली तडकलेली अंडी खात आलो, चांगली विकायची, तडकलेली घरी. यंदा इन-सुकनं ती शेजारी वाटून टाकली. तडकलेलं काही उंबऱ्याच्या आत येता कामा नये. मी तिला कानाचं सांगितलं तेव्हा ती मुळा कापत होती. सुरी थांबली नाही. "यंदा तो शब्द घरात काढायचा नाही," ती म्हणाली. मी म्हणालो, "अगं, शब्द काढला नाही म्हणून कान बरे होतात का? तारीख आहे त्याला, सप्टेंबरात संपते!" "अहो, हळू बोला." "कशाला हळू? तिला ऐकू येत नाही!" हे माझ्या तोंडून गेलं. विनोद म्हणूनच गेलं, सवयीनं. इन-सुकनं सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी जाऊन गाडी धुवायला घेतली. रात्रीची धुतलेली गाडी मी पुन्हा धुतली.

मग तिचं ते डोंगरावर जाणं सुरू झालं. आमच्याकडे सगळ्या आया जातात, त्या दगडी टोपीवाल्या बुद्धाकडे, शंभर दिवस, पायऱ्या चढून, गुडघे फोडून घेतात. फुटणं हा शब्द तिथं चालतो वाटतं. इन-सुकला संधिवात, तरी जायची, पहाटे. कधी कधी परत यायची ती इतकी ताजीतवानी की मी म्हणायचो, "काय गं, बुद्धानं लिफ्ट बसवून घेतली काय?" ती हूं म्हणायची. तारीख आली. मी गा-ऑनला विचारलं, दिलास अर्ज? "दिला." "साधा?" "साधा." मी इन-सुककडे बघितलं, ती तांदूळ धूत होती. दोघी बायका एकीकडे. एकीला मैत्रिणीचं हसू नको, दुसरीला अपशकुन नको, आणि मध्ये मी, ज्याचा आवाज चार गल्ल्यांत जातो आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात पोचत नाही.  भोंग्यातून विनोद चालू होते. पण बोलताना मला माझेच ओठ जाणवायला लागले. जास्त हलतायत, कमी हलतायत. एखादी म्हातारी "काय म्हणालास रे?" म्हणाली तरी मला तिच्या कानात डोकावून बघावंसं वाटायचं.

आणि आज, परीक्षेचा दिवस. सकाळी मीच तिला गाडीतून सोडलं, डोंगराखालच्या मुलींच्या शाळेच्या गेटशी. खालच्या वर्गांतल्या पोरी धीर द्यायला ढोल बडवत होत्या, ओरडत होत्या, गेटच्या गजांना आयांनी चिकट भाताच्या वड्या चिकटवलेल्या, पोरगं कॉलेजला तसंच चिकटावं म्हणून. गा-ऑन उतरली. इन-सुकनं दिलेला डबा, कोमट पाण्याची बाटली. हे-रिन तिथंच होती, दोघींनी मिठी मारली. मी माईककडे हात नेला तर पोरीनं काचेतून बोट नाचवलं. "नाही." मग म्हणाली, "घरी जा, अप्पा. इथं थांबू नकोस." आणि त्या गर्दीत शिरली. मी निघालो, दोन वळणं घेतली आणि परत आलो. जाणार कुठं? आज गाडी लावून कुणाला अंडी विकणार? पोरांना रस्ते मोकळे मिळावेत म्हणून दुकानं उशिरा उघडतात, बँका उशिरा, सगळं शहर चवड्यांवर चालतं.

दुपारी मी शाळेच्या मागच्या भिंतीला गाडी लावून बसलो होतो तेव्हा एक पोलीस आला, कोवळा, मिशी नीट न फुटलेला. "काका, अंडीवाले ना तुम्ही? आमच्या वस्तीत येता. आज भोंगा वाजला तर मी तुम्हाला ट्रे-सकट आत टाकीन हां." "बाळा, आज माझी अंडी मौनात आहेत." "इंजिन पण बंद. आता ऐकण्याचा भाग सुरू होतोय." मी किल्ली काढून त्याला दाखवली. तो सलाम ठोकून गेला. आणि मग ते झालं जे दरवर्षी होतं आणि ज्याच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. रस्ता थांबला. विमानतळ जवळ, दर थोड्या वेळानं डोक्यावरून विमान जातं, ते जाईना. लांब कुठंतरी बांधकामाची क्रेन होती, ती हवेत हात ठेवून उभी राहिली. एक कुत्रा भुंकायला लागला तर बाईनं त्याला कोटात घेतलं. अख्खा देश श्वास रोखून उभा, पोरांना दोन इंग्रज माणसं काय बोलतात ते नीट ऐकू यावं म्हणून. कुणाच्या पोरांना? भिंतीच्या त्या बाजूला, वरच्या कुठल्यातरी मजल्यावर, माझी पोरगी स्पीकरकडे बघत बसलेली असणार. जाळीची चौकोनी पेटी. तिचे डोळे त्या जाळीवर ओठ शोधत असतील. दुसऱ्या पोरींच्या पेन्सिली हलल्या की ती पण हलवत असेल, नर्सच्या बोटासारखं.

माईक माझ्या मांडीवर होता. तो मांडीवर कधी आला मला माहीत नाही. भोंग्याला इंजिन लागत नाही, बॅटरीवर चालतो. एक बटण. अंडी आली हो अंडी. सगळ्या खिडक्यांतून आत जाईल, स्पीकर बुडवून टाकील, आणि तेवढा वेळ त्या शाळेतली प्रत्येक पोरगी बहिरी होईल. हे-रिन पण. हे-रिन विशेष. घे, फॉर्म न भरता. मी खोटं बोलत नाही, मला मजा वाटली. त्या तुंबलेल्या भीतीच्या आतून ती जुनी खोडकर उकळी वर आली, हात शिवशिवले, पोलीस पोर कसं धावत येईल, उद्या पेपरात कसं छापून येईल, सगळं दिसलं. आणि त्यांना सगळ्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागेल, आणि पुन्हा देताना तारीख वाढेल, आणि तारीख वाढली तर अर्ज... अंगठा बटणावर होता. बटण ऊबदार होतं, रोज दाबून दाबून गुळगुळीत झालेलं. मी डोळ्यांपुढं आणलं. आवाज सुटतो. सगळ्या पोरी दचकतात, माना वळतात, सुपरवायझर खिडकीकडे धावते. आणि मधल्या बाकावर एक पोरगी तशीच बसलेली. जाळीकडे बघत. सगळ्यांच्या माना वळल्या की मग ती वळेल, सगळ्यांच्या नंतर, आणि तिला कळणारच नाही की बाहेर तिचा बाप ओरडतोय. चौकातल्यासारखं. त्या शाळेत मी ज्या एकीसाठी बटण दाबणार, त्या एकीलाच ते पोचणार नाही.

मी अंगठा काढून बगलेत दाबून धरला. किती वेळ गेला कोण जाणे. मग डोक्यावरून विमान गेलं, मोठ्यानं, आणि अख्खी गाडी, आतली सगळी अंडी, बारीक थरथरली.

संध्याकाळी पोरी बाहेर पडल्या. काही रडत, काही आयांच्या गळ्यात, काही नुसत्याच आकाशाकडे बघत. मी गेटशी उभा. माझ्या तोंडात तयार होतं काय म्हणायचं, दोन-तीन विनोद घोळवून ठेवलेले, ओठ नीट हलतील असे. हे-रिन आली, नाक लाल. "काका, तुम्ही इथं? गा-ऑन कुठाय?" "आत असेल, तुझ्या मागं." "नाही हो काका. सकाळी मिठी मारली आणि म्हणाली आलेच, मग दिसलीच नाही. मी जेवणाच्या सुट्टीत सगळे मजले शोधले." ती पोरगी खरंच घाबरली होती, ओठ एका बाजूला ओढला गेला होता, आणि तो ओठ बघून मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली आणि जवळ घ्यावंसं पण वाटलं. गेट बंद होत आलं होतं. मग फोन थरथरला. इन-सुकचा मेसेज. "नदीपलीकडच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेपाशी या. माईक लावू नका." मी तो दोनदा वाचला. तो शब्द तिनं पहिल्यांदाच लिहिला होता. परीक्षा संपली होती.

पूल ओलांडताना मला एकेक उलगडत गेलं, सिग्नलला एकेक. लिफ्ट. ताजेतवाने गुडघे. निम्मे दिवस बुद्ध, निम्मे दिवस दवाखाना. दाखल्यावर आईची सही. सकाळी गर्दीत शिरून मागच्या दारानं टॅक्सी, टॅक्सीत आई. मला वस्तीतले लोक घाबरून असतात, की हा कधी काय खोडी काढील, आणि या दोघींनी मला तीन महिने शेंडी लावली. मी मोठ्यानं हसलो. पुलावर एकटा, काच बंद. मग हसू आपोआप संपलं.

त्या शाळेपुढं ढोल नव्हते. थोडेच लोक, हातांनी बोलत होते, दिवे नुकतेच लागलेले, आणि हात हलले की भिंतीवर सावल्या हलायच्या. इन-सुक कडेला उभी होती, रिकामा डबा घेऊन.

"छापील आला?" मी विचारलं.

"आला. सगळे सोडवले म्हणते."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला?" ती म्हणाली, आणि तिला हसू आलं, थकलेलं. "अहो, तुम्हाला सांगायचं म्हणजे टपावर भोंगा आहे."

"मी काय पोरीचं भोंग्यावरून सांगितलं असतं?"

ती डब्याचं झाकण दाबत राहिली. "मी सांगणार होते. तीच नको म्हणाली. म्हणाली, अप्पा त्याचा विनोद करील. चांगला करील. आणि मग मला हसावं लागेल."

गा-ऑन थोड्या अंतरावर उभी होती, भिंतीशी, पाठ माझ्याकडे, वर बघत. आकाशात अजून काही नव्हतं. दप्तराची चेन उघडी. माझा हात सवयीनं वर गेला, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मी ते मिटलं. तिच्याभोवती लांबून वळसा घालून मी तिच्या समोर गेलो, दिव्याच्या उजेडात, म्हणजे तोंड नीट दिसेल. तिनं मला बघितलं. मग माझ्या ओठांकडे बघितलं आणि वाट बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू तयार होतं, आधीच, बापाच्या विनोदासाठी काढून ठेवलेलं. ते मी इतकी वर्षं बघत होतो.

मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणालो, "भूक लागली?"

हसू गेलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"असं का बोलतोस? आवाज काढ ना, अप्पा," ती म्हणाली, जरा मोठ्यानंच, पोरांशी हातांनी बोलणाऱ्या दोघा-तिघा पालकांनी वळून बघितलं. "थोडं ऐकू येतं मला अजून. तेवढं तरी ऐकू दे."

मी घसा खाकरला. एकदा, दोनदा. ती ओठांकडे बघत थांबली होती, आणि चार गल्ल्यांत जाणारा तो आवाज काही केल्या वर येईना.